हिऱ्याला लागणारा ओलावा

कवितेत मी ‘हिरा’ हा शब्द पुष्कळदा वापरला आहे. कठीण, टिकाऊ, कुणाला दाद न देणारे असे काही सांगायचे असले की आम्हा कवी मंडळींच्या हाताशी हिरा असतोच. माझ्यासारख्या बी.ए. झालेल्या माणसाला त्यापलीकडे चौकशी करावीशी कधी वाटली नव्हती. ती करावी लागली पुतण्याच्या वर्कशॉपमुळे.

त्याच्याकडे दोन लेथ आहेत. सिलिकॉन मिसळलेल्या ॲल्युमिनियमचे जॉब तो करतो. या मिश्रधातूतले सिलिकॉनचे कण साध्या टूलची धार खाऊन टाकतात. म्हणून त्याने हिऱ्याचा थर चढवलेल्या टिपा घेतल्या. हा थर खऱ्या हिऱ्याचाच असतो, पण खाणीतून आलेला नव्हे. हायड्रोजन वायूत सुमारे एक टक्का मिथेन मिसळायचा, कमी दाबाखाली दोन हजार अंशांच्या आसपास तापलेल्या तारेवरून तो मिश्र वायू न्यायचा, की खालच्या तापलेल्या टिपेवर हिऱ्याचे बारीक स्फटिक धरू लागतात. तासाला एखादा मायक्रॉन, इतक्या सावकाश. जपानमधल्या त्सुकुबा येथील संशोधकांनी 1982 मध्ये ही रीत प्रसिद्ध केली आणि मग ती जगभर गेली.

ॲल्युमिनियमवर या टिपा महिनोन्महिने चालल्या. मग पोलादाची एक मोठी ऑर्डर आली. टिपा विकणारा म्हणाला, ‘हिऱ्यापेक्षा कठीण जगात काय आहे? पोलादाला कसले घाबरता!’ पुतण्याने उसने पैसे काढून आणखी चार टिपा आणल्या. पहिली दुपारच्या चहापर्यंत संपली, दुसरी संध्याकाळी. रात्री घरी येऊन म्हणाला, ‘चाचा, तुमचा हिरा झिजला.’ मला आधी हसू आले. मग त्याचा चेहरा पाहिला.

पुढचे काही आठवडे मी मिळेल ते वाचले, एका निवृत्त प्राध्यापकांना गाठून शंका विचारल्या. समजले ते असे. हिरा म्हणजे कार्बन, आणि तापलेल्या लोखंडाला कार्बनची भारी ओढ. लोखंडात थोडा कार्बन मुरतो तेव्हाच तर पोलाद होते! कापताना धारेपाशी शेकडो अंश उष्णता होते. त्या आचेत हिऱ्याचा पृष्ठभाग ग्रॅफाइटसारखा मऊ होतो आणि त्यातला कार्बन लोखंडात विरघळत जातो. म्हणजे हिऱ्याला पोलादाने घासून हरवले नव्हते, पिऊन टाकले होते.

पोलादासाठी असतो तो सोनेरी थर. हार्डवेअरच्या दुकानात सोन्यासारखी चमकणारी ड्रिल आपण पाहिली असतील. ते सोने नव्हे, टायटॅनियम नायट्राइड. जाडी दोन-चार मायक्रॉन. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. कठीणपणात तो हिऱ्याच्या पासंगालाही पुरत नाही, पण तापलेल्या लोखंडाशी त्याची सोयरीक जुळत नाही, हाच त्याचा गुण. ड्रिलला पुन्हा धार लावली की टोकाचा सोनेरी थर जातो; खाचांतला मात्र राहतो आणि चुरा सरकवण्याचे काम करत राहतो.

आणखी एक गोष्ट प्राध्यापकांनी सांगितली. असे थर पुष्कळदा झिजून मरतच नाहीत, सुटून मरतात. खालच्या टिपेत कोबाल्ट असतो, तो हिऱ्याऐवजी काजळीच धरू देतो. म्हणून थर चढवण्याआधी वरवरचा कोबाल्ट आम्लाने काढावा लागतो. शिवाय तापल्यावर टिप जास्त फुगते, हिरा कमी. पकड सैल असली की थराचा टवका उडतो, आणि तोच टवका उरलेल्या थराला वाळूसारखा खरवडतो.

पण मला खरे चक्रावून टाकले ते घर्षणाने. गुळगुळीत हिऱ्यावर हिरा घासला तर तो मोठ्या सहजतेने सरकतो. मी समजत होतो, कठीण म्हणून. तसे नाही. पृष्ठभागावरच्या कार्बनच्या अणूंचा एकेक हात मोकळा असतो. हवेतली वाफ, हायड्रोजन त्या हाताला धरून ठेवतात, म्हणून समोरच्याला तो पकडत नाही. निर्वात पोकळीत तेच दोन हिरे घासत राहा. हे आवरण निघून जाते, मोकळे हात एकमेकांना धरतात आणि घर्षण दहापटीच्या घरात जाते. थोडी वाफ आत सोडली की पुन्हा उतरते. हिऱ्याचा भाऊ ग्रॅफाइट, त्याचेही तेच. दुसऱ्या महायुद्धात उंच उडणाऱ्या विमानांच्या जनित्रांतले कार्बनचे ब्रश भराभर भुकटी होऊ लागले. वरच्या कोरड्या हवेत वाफच नव्हती.

याच्या नेमके उलट मोलिब्डेनम डायसल्फाइडचे. ते पोकळीत सुरेख सरकते, दमट हवेत लवकर झिजते. 1989 मध्ये गुरूकडे निघालेल्या ‘गॅलिलिओ’ यानाच्या मोठ्या अँटेनाला हेच वंगण होते. 1991 मध्ये ती छत्रीसारखी उघडायची, तर काही काड्या अडकल्या त्या अडकल्याच. तपास करणाऱ्यांना सर्वांत संभाव्य वाटलेले कारण ऐका: उड्डाण लांबल्यामुळे कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा यांच्या दरम्यान ट्रकने झालेल्या फेऱ्या. रस्त्यावरच्या हादऱ्यांनी खुंट्यांवरचे वंगण पृथ्वीवरच घासून गेले होते. सारी मोहीम लहान अँटेनावर, अगदी संथ गतीने माहिती पाठवत पार पाडावी लागली.

आणि सुरतेचे कारागीर? ते हिऱ्याच्याच पुडीने हिरा घासतात. कोणत्या दिशेने तो लवकर झिजतो हे त्यांच्या हातांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्याचे नीट स्पष्टीकरण जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी 2011 मध्ये दिले. घासताना वरच्या थराची स्फटिकी घडी मोडते, अणू विस्कळीत होतात, आणि मग तो विस्कळीत थर सहज निघतो. काही दिशांनी ही मोडतोड लवकर होते.

हे सगळे मी पुतण्याला मोठ्या उत्साहाने सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘चाचा, पैशांचे काय?’ विक्रेत्याने काही परत दिले नाही. ऑर्डर त्याने पोलादासाठीच्या दुसऱ्या टिपांनी पुरी केली, फायदा न घेता. उरलेल्या दोन हिऱ्याच्या टिपा ॲल्युमिनियमसाठी ठेवल्या आहेत. त्यांच्या डबीवर त्याने खडूने लिहिले आहे, ‘लोखंडाला लावू नये.’