प्रचारातला चिखल आणि आपण

(रोहणा, ता. आर्वी, जि. वर्धा येथील महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



मत कुणाला द्यायचं हे सांगायला मी आलेली नाही. ते तुमचं तुम्ही ठरवाल. प्रचारात एकमेकांवर जे आरोप होतात, त्यातले कोणते ऐकायचे आणि कोणते आपल्या दाराशी थांबवायचे, याबद्दल मला बोलायचं आहे.

पहिली गोष्ट, टीका वाईट नसते. पाच वर्षं खुर्चीवर बसलेल्याला हिशोब विचारलाच पाहिजे. नळाला पाणी का नाही, कापसाच्या भावाबद्दल सभागृहात किती वेळा तोंड उघडलं, हे विचारायला आपण कचरायचं कारण नाही. लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराला आपली मालमत्ता, शिक्षण आणि अंगावरचे गुन्हे शपथपत्रात लिहून द्यावे लागतात. त्यावरून विरोधकानं त्याला सभेत धारेवर धरलं तर तो प्रचारातला गुन्हा नाही, आपल्या उपयोगाचीच गोष्ट आहे. निवडणूक आयोगाची आचारसंहिताही तेच सांगते. धोरण, कार्यक्रम, आजवरचं काम यावर बोला. ज्याचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, त्या खाजगी आयुष्याला हात लावू नका.

पण समोर बाई असली की ही रेघ पुसली जाते. महाराष्ट्रातल्याच घटना बघा. २०१९ च्या विधानसभेला परळीत पंकजा मुंडेंबद्दल धनंजय मुंडे सभेत जे बोलले त्यावरून गुन्हा दाखल झाला; ध्वनिचित्रफितीत फेरफार केल्याचं ते म्हणाले. २०२४ च्या लोकसभेला आपल्या शेजारच्या अमरावतीत संजय राऊतांनी नवनीत राणांना त्यांच्या सिनेमातल्या कामावरून हिणवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात संगमनेर तालुक्यात धांदरफळच्या सभेत वसंत देशमुख बाळासाहेब थोरातांच्या मुलीबद्दल, जयश्री थोरातांबद्दल, वाईट बोलले आणि त्यांना अटक झाली. उमेदवार बाप, चिखल मुलीवर! त्यानंतर थोड्याच दिवसांत मुंबईत अरविंद सावंतांनी शायना एन. सी. यांच्यासाठी 'माल' हा शब्द वापरला, मग दिलगिरी व्यक्त केली. बोलणारे एका पक्षाचे नाहीत आणि ज्यांच्याबद्दल बोललं गेलं त्याही एका पक्षाच्या नाहीत. म्हणून 'त्यांचे लोक तसलेच' असं म्हणून कुठल्याच पक्षाला हात झटकता येणार नाहीत.

असं का होतं? केवळ तोंड सुटतं म्हणून होत नाही. लढत अटीतटीची असली की त्यामागे हिशोब असतो. पुरुष उमेदवाराला चोर म्हटलं तर तो दुसऱ्या दिवशी सभा घेऊन उत्तर देतो. बाईच्या चारित्र्याबद्दल कुजबुज झाली तर तिनं काय करायचं? उत्तर दिलं तर तीच गोष्ट आणखी दहा घरी पोचते. गप्प राहिली तर 'काहीतरी असेलच' म्हणतात. शिवाय ही कुजबुज मतदारासाठी असते त्याहून जास्त तिच्या घरासाठी असते. ती तिच्या सासऱ्याच्या, नवऱ्याच्या, भावाच्या कानावर जावी हाच हेतू असतो. घरच्यांनी म्हणावं, 'बस झालं तुझं राजकारण.' अर्ज मागे घ्यायच्या तारखेपर्यंत एवढं झालं तरी विरोधकाचं काम होतं. एकही मत न फिरवता निवडणूक जिंकता येते.

गावपातळीवर हे आम्ही नेहमी बघतो. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये बायांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. अर्ज भरेपर्यंत बाईला सगळे 'ताई, ताई' करतात. तिनं नवऱ्याच्या सांगण्याबाहेर एक वाक्य बोललं, की पानठेल्यावर विषय बदलतो. ती कुणाच्या मोटरसायकलवर बसून तहसीलला गेली, मीटिंगहून किती वाजता परतली, हे बोललं जातं. आता हातात मोबाईल आहे, फोटोत फेरफार करता येते, आणि पहिल्यांदा कुणी पाठवलं ते सापडत नाही. रस्ता, शाळा, रेशन याबद्दल त्या बाईचं म्हणणं काय होतं, हे मात्र कुणालाच आठवत नाही.

आता याहून अवघड गोष्ट. ती आपल्याच वर्धा मतदारसंघातली आहे. २०२४ च्या लोकसभेला मतदानाच्या आधी, तेव्हाचे खासदार आणि भाजपचे उमेदवार रामदास तडस यांच्या सुनेनं पत्रकार परिषद घेऊन सासरच्या छळाचे आरोप केले. विरोधी पक्षाच्या नेत्या शेजारी बसल्या होत्या. सून स्वतः अपक्ष म्हणून उभीही होती. तडसांनी आरोप फेटाळले, हे विरोधकांचं राजकारण आहे म्हणाले. पुढे निकाल लागला आणि आर्वीचे अमर काळे निवडून आले.

आरोप खरे की खोटे हे इथे आपण ठरवू शकत नाही, ते न्यायालयाचं काम. आपल्यापुढे प्रश्न दुसरा आहे. हीसुद्धा चिखलफेक म्हणायची का? मला वाटतं, नाही. बाईनं आपल्या छळाबद्दल बोलणं म्हणजे कुणाचं खाजगी आयुष्य उकरणं नव्हे. छळ ही घरातली बाब नाही हे सांगण्यातच स्त्री चळवळीची किती वर्षं गेली! पण दोन्ही बाजूंना विचारायला हवं. ज्यांनी तिला माईक दिला, त्यांनी मतदानानंतरही तिची विचारपूस करायला हवी. आणि ज्यांनी 'निवडणुकीतच कसं आठवलं' असं विचारलं, त्यांनी सांगावं की निवडणूक नसताना तिचं कुणी ऐकलं असतं का? बाईची तक्रार हे प्रचाराचं साहित्य नाही. ती झेंड्याचा रंग न बघता ऐकली गेली पाहिजे.

कायदा काय म्हणतो, तेही थोडक्यात सांगते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(४) प्रमाणे उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं विधान प्रसिद्ध करणं हा भ्रष्ट आचार आहे. निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करता येते आणि निवडणूक रद्दही होऊ शकते. कलम १२७अ प्रमाणे प्रचाराच्या पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव असावं लागतं. निनावी पत्रक हातात आलं तर फाडू नका, जपून ठेवा, तो पुरावा आहे. बाईच्या अब्रूला धक्का लावणारं बोलणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली गुन्हा आहे. पण कोर्टाची चाल मंद आणि प्रचार चालतो जेमतेम पंधरवडा. २०२४ मध्ये हेमा मालिनींबद्दलच्या वक्तव्यासाठी आयोगानं रणदीप सुरजेवालांना ४८ तास प्रचारबंदी केली. दोन दिवसांनी माईक परत हातात!

म्हणून काही गोष्टी आपल्यालाच कराव्या लागतील. प्रत्येक उमेदवाराला, पुरुष असो की बाई, गावातल्या सगळ्या बायांनी मिळून तेच प्रश्न विचारायचे: पाणी, रेशन, दवाखाना, दारू. बाईबद्दल कुजबुज कानावर आली की सांगणारीला विचारायचं, 'तिच्या कामाशी याचा काय संबंध?' आणि ती गोष्ट पुढे न्यायची नाही, ना निंदणाला गेल्यावर, ना मोबाईलवर. जिला आपण मत देणार नाही तिच्याबद्दलची कुजबुजही थांबवायची. हेच सगळ्यात कठीण आहे. आपल्या पक्षाच्या बाईसाठी कुणीही उभं राहतं. समोरच्या पक्षाच्या बाईसाठी आपण उभ्या राहिलो, तर गावाला कळेल की या बाया काहीतरी वेगळं म्हणताहेत.

आपल्या जिल्ह्यानं १९९९ मध्ये प्रभा रावांना लोकसभेत पाठवलं होतं. २०२४ मध्ये महाराष्ट्रातून लोकसभेच्या ४८ जागांवर ७ बाया निवडून आल्या आणि विधानसभेच्या २८८ जागांवर २१. या आकड्यांत त्या बाया मोजलेल्या नाहीत, ज्यांनी घरच्यांच्या कानावर गेलेल्या गोष्टींपायी अर्जच भरला नाही. पुढच्या वेळी रोहण्यातून, आर्वीतून जी बाई अर्ज भरायला निघेल, तिला सोबत म्हणून आपल्यातल्या दहा जणी तहसील कचेरीपर्यंत गेल्या पाहिजेत. तिचा पक्ष मग विचारू.