समुद्र वगळून युरोप

आज बोलायचं आहे जिगसॉ पझलबद्दल. तुकडे जोडून चित्र पुरं करायचा हा खेळ मुलांचा मानला जातो, आणि त्याची सुरुवातही मुलांच्या अभ्यासातूनच झाली. पण आज मी तुम्हा मोठ्यांशी बोलते आहे.

गोष्ट साधारण 1760 च्या सुमाराची, लंडनमधली. ड्रुरी लेन हा नाटकवाल्यांचा रस्ता. त्याला लागून असलेल्या एका बोळात जॉन स्पिल्सबरी नावाच्या तरुणाचं दुकान होतं. धंदा नकाशे कोरण्याचा, आणि उमेदवारी झाली होती थॉमस जेफ्रीजकडे, म्हणजे थेट राजाच्या नकाशाकाराकडे. या स्पिल्सबरीने छापील नकाशा महॉगनीच्या पातळ फळीवर चिकटवला आणि बारीक करवतीने देशांच्या सीमेसीमेवरून कापून काढला. फ्रान्स एक तुकडा, स्पेन एक तुकडा. मुलांनी ते जोडायचे आणि जोडता जोडता भूगोल शिकायचा. त्याच्याकडे आठ नकाशे मिळत: जग, चार खंड, आणि इंग्लंड-वेल्स, आयर्लंड, स्कॉटलंड.

आता ज्या एका तपशिलाने मला या नादाला लावलं, तो सांगते. हेच नकाशे तो समुद्राशिवायही विकायचा, आणि तसे घेतले तर ते स्वस्त पडत! युरोप घ्या, पण समुद्र वगळून. लाकूड कमी, कापणी कमी, किंमत कमी. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ त्याच ओळीवर अडकले होते. डोळ्यांपुढे आणा. काटकसरी बाप दुकानात उभा आहे आणि मनाशी हिशेब करतोय की पोराला अटलांटिक हवाच आहे का!

शिवाय तेव्हाच्या तुकड्यांना आतासारखं गोल डोकं आणि खाच नसायची. देशाला देश नुसता टेकलेला. समुद्र नसेल तर कडेने आवरून धरायलाही काही नाही. कुणाचं कोपर लागलं की इटली सरकली, पोर्तुगाल मेजाखाली! म्हणजे समुद्राचे पैसे वाचवणाऱ्याला ते असे भरून द्यावे लागत.

खेळ अर्थात पैसेवाल्यांच्या घरातला. राजा तिसऱ्या जॉर्जच्या मुलांची देखभाल करणाऱ्या लेडी शार्लट फिंच यांनी असे नकाशे वापरले, आणि ते ठेवण्याचं त्यांचं कपाट आजही जपलेलं आहे. जेन ऑस्टिनच्या 'मॅन्सफील्ड पार्क' कादंबरीत, 1814 सालच्या, गरीब घरातली फॅनी श्रीमंत मावशीकडे राहायला येते, तेव्हा मावसबहिणी नाकं मुरडतात, की हिला युरोपचा नकाशासुद्धा जोडता येत नाही. स्पिल्सबरी बिचारा तिशीतच गेला. पुढची सव्वाशे-दीडशे वर्षं मी उडी मारून ओलांडते. चित्रं बदलली, बाकी फारसं काही नाही.

मोठ्या माणसांना हे वेड लागलं 1908-09 च्या सुमाराला, अमेरिकेत. पार्कर ब्रदर्स या कंपनीत बायका करवतीच्या यंत्रावर बसून लाकडी पझल्स कापत. त्या बरोबर रंगाच्या कडेवरून कापत. लाल छपरापाशी तुकडा संपला की शेजारचा तुकडा सबंध निळा, मग रंगावरून कसा शोधणार? मधूनच एखादा तुकडा पक्ष्याच्या नाहीतर प्राण्याच्या आकाराचा. दुसरी लाट आली मंदीच्या काळात, 1932-33 मध्ये. तोवर पुठ्ठ्याचे तुकडे साच्याने कापता येऊ लागले होते. वर्तमानपत्रांच्या ठेल्यावर दर आठवड्याला नवं पझल, किंमत पंचवीस सेंट. ऐन भरात आठवड्याला सुमारे 1 कोटी पझल्स खपली. काम नव्हतं, हॉटेल-नाटकाला पैसे नव्हते, पण संध्याकाळ तर काढायची होती. औषधांच्या दुकानांतूनसुद्धा पझल्स भाड्याने मिळत.

आणि बहुतेक पेट्यांवर चित्र नसायचं! पुन्हा सांगते, रेडिओचा आवाज आत्ताच वाढवला असेल त्यांच्यासाठी: पेटीवर चित्रच नसे, फक्त नाव. न्यूयॉर्कची पार कंपनी तर नावही मुद्दाम चकवणारं द्यायची. इंग्लंडमध्ये 1933 च्या सुमाराला सुरू झालेली एक पझल लायब्ररी सभासदांना लाकडी पझल्स देते, तीही चित्राशिवाय. माझं मत विचाराल, तर झाकणावरच्या चित्राने आपलं नुकसानच केलं. आपण तुकडा कमी आणि झाकण जास्त बघतो. निदान पहिली संध्याकाळ झाकण पालथं ठेवून बघा.

आता निवड. पहिलं पझल 500 तुकड्यांचं घ्या. 1000 ला साधारण 70 बाय 50 सेंटिमीटर जागा लागते आणि आपल्या घरात जेवणाचं टेबल अडवलं की भांडण ठरलेलं. त्यापेक्षा एक प्लायवूडची फळी आणा, रात्री पलंगाखाली सरकवा. गंमत म्हणजे 1000 लिहिलेल्या पेटीत पुष्कळदा 1026 तुकडे असतात: 38 गुणिले 27. चित्राचा आयत आणि तुकड्यांचा चौकोनी आकार, दोन्ही साधायचं म्हणून.

चित्र निवडताना आधी आकाश बघा. अर्धं चित्र कोरं निळं असेल तर ठेवून द्या. स्पिल्सबरीचं गिऱ्हाईक समुद्रासाठी जादा पैसे मोजायचं. आपण तो टाळायला मोजावेत. बाजारपेठ, पुस्तकांची कपाटं, जुनी पोस्टरं, जिथे प्रत्येक इंचावर वेगळं काही आहे, ती चित्रं उत्तम. चकचकीत कागद नको, ट्यूबलाइटखाली नुसती चमक दिसते. पुठ्ठा जाड हवा. पातळ पुठ्ठा आपल्या पावसाळ्यात फुगतो आणि वरचा कागद सुटतो. आणि तुकडा बसला की बसला, हे कळलं पाहिजे. हलक्या पझलमध्ये चुकीचा तुकडाही बेमालूम बसतो आणि घोटाळा दोन दिवसांनी उघडकीला येतो. जोडलेला भाग कडेला धरून उचलून बघा. सुटला नाही तर कापणी चांगली.

मुलांसाठी भारताचा लाकडी नकाशा घेणार असाल तर तेलंगण वेगळा तुकडा आहे का ते बघा. आमच्या घरातल्या नकाशात आंध्र अजून एकसंध आहे, म्हणजे तो 2014 च्या आधीचा. मी तो टाकणार नाही. स्पिल्सबरी गेल्यावर तीनच वर्षांत पोलंडची पहिली फाळणी झाली, तेव्हा त्याचा युरोपही असाच जुना झाला.

वेळ संपल्याची खूण काचेपलीकडून केव्हाची होते आहे, तेव्हा एवढंच सांगून थांबते. पुरं झालेलं पझल डिंक लावून भिंतीवर टांगू नका. मोडा, पिशवीत भरा आणि सोसायटीत शेजाऱ्यांना द्या, त्यांचं तुम्ही आणा. एखादा तुकडा हरवला असेल तर झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने स्पष्ट लिहा: एक कमी, उजव्या कोपऱ्याजवळ.