घरची ध्वनिमुद्रणशाळा आणि सॉफ्टवेअरची निवड



वसंत व्याख्यानमालेत सॉफ्टवेअरच्या निवडीवर व्याख्यान ठेवलेले पाहून, हा बाजारातला विषय व्यासपीठावर कसा चढला, असे कोणास वाटले असल्यास त्यात नवल नाही. परंतु आज पेटीच्या वर्गाला जाणाऱ्या मुलीपासून भजनी मंडळाच्या बुवांपर्यंत अनेकांच्या घरी एक संगणक, एक मायक्रोफोन आणि या दोहोंना जोडणारी ऑडिओ इंटरफेस नावाची लहानशी डबी येऊन पोहोचली आहे. पूर्वी ज्या कामासाठी मुंबईची वाट धरावी लागे, ते आता माजघरात होऊ शकते. साहजिकच प्रश्न येतो : सॉफ्टवेअर कोणते घ्यावे? दुकानदार म्हणतो, सर्वांत नावाजलेले घ्या. शेजारी म्हणतो, माझ्याकडे आहे तेच घ्या. आमचे म्हणणे असे की, आपण काय गाणार-वाजवणार आहोत हे ठरल्याखेरीज या प्रश्नाला उत्तरच नाही. कारण यंत्र जसे गाणे टिपून ठेवते, तसे ते गाण्याला आपले वळणही लावते.

हे काही आजचे नाही. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचे गाणे ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा रागाला सुमारे तीन मिनिटांत आटोपते घ्यावे लागले. तबकडीवर जागाच तेवढी होती. तबकडीची चौकट डोळ्यांना दिसत होती. सॉफ्टवेअरची चौकट दिसत नाही, म्हणून ती अधिक जपून पारखली पाहिजे.

या सॉफ्टवेअरांची मुळात दोन कुळे आहेत. पहिले कूळ ध्वनिमुद्रकाचे. फितीच्या यंत्राप्रमाणे आलेला आवाज जसाच्या तसा साठवायचा, मग कापायचा, जोडायचा, हे त्याचे काम. १९९१ साली आलेले प्रो टूल्स या कुळातले. दुसरे कूळ सिक्वेन्सरचे. १९८३ साली मिडी नावाची एक सामायिक संकेतभाषा ठरली. तीत आवाज मुळीच साठवत नाहीत. कोणती पट्टी, केव्हा, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली एवढीच नोंद असते. स्वरलिपीची वही आणि प्रत्यक्ष मैफल यांत जे अंतर, तेच या दोन कुळांत. क्यूबेस हे १९८९ साली या दुसऱ्या घराण्यात जन्मले. पुढे दोन्ही घराण्यांत सोयरिकी होऊन आज बहुतेक सॉफ्टवेअर दोन्ही कामे करतात. तरी प्रत्येकाचा मूळ स्वभाव लपत नाही. २००१ साली आलेल्या एबलटन लाइव्हचा ओढा छोटे तुकडे पुन्हा पुन्हा फिरवून रचना उभी करण्याकडे आहे. रीपर आणि आर्डर यांचा मुख्य भर ध्वनिमुद्रणावर आहे. ऑडॅसिटी विनामूल्य असून प्रवचन, कीर्तन किंवा एकट्याचा रियाज टिपण्यास उत्तम; सुरावटी रचण्याचे काम मात्र तिच्याकडून अपेक्षू नये.

आता चौकटीकडे वळू. पहिली चौकट लयीची. पडद्यावर उभ्या रेघांची जाळी असते आणि सॉफ्टवेअर बहुधा चार-चार मात्रांचे खंड धरून चालते. त्रिताल त्यात सुखाने बसतो. रूपकाच्या सात आणि झपतालाच्या दहा मात्रांसाठी खंडाची मोजणी बदलावी लागते. ती सोय बहुतेकांत आहे. खरी पंचाईत विलंबित ख्यालात होते. विलंबित एकतालाची एक मात्रा चार-पाच सेकंद चालते, म्हणजे मिनिटाला बारा ते पंधरा मात्रा. आणि एबलटन लाइव्हमध्ये गतीची खालची मर्यादा मिनिटाला वीस ठोक्यांची आहे. उपाय सोपा आहे : एका मात्रेचे चार ठोके धरावे आणि आवर्तन अठ्ठेचाळीसांचे मोजावे. तबलजीही मनात तसेच मोजतो. परंतु वाजवलेला ठोका ओढून रेघेवर आणून बसवण्याची जी सोय असते, तिचा मोह आवरावा. लावणीतील ढोलकीची थाप रेघेच्या किंचित मागेपुढे पडते म्हणूनच रंगते. ती रेघेवर बसवली की मोजणी बिनचूक होते आणि नाच थांबतो.

दुसरी चौकट सुराची. मिडीत १२८ स्वरांना क्रमांक दिलेले आहेत आणि सप्तकाचे बारा समान भाग गृहीत धरलेले आहेत. एका भागाचे शंभर अंश, म्हणजे सेंट, केले तर पेटीचा शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटांवर येतो; तंबोऱ्याच्या षड्जातून आपोआप उमटणारा गांधार सुमारे ३८६ सेंटांवर असतो. चौदा सेंटांचा हा फरक तयार कानाला खुपतो. हा वाद आपल्या लोकांना नवीन नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी बावीस श्रुतींच्या मापनासाठी खटपट केली ती याचपायी. आणि १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला दूर ठेवले, ती बंदी १९७१ साली सैल झाली, त्यामागेही स्थिर पट्ट्यांचा हाच आक्षेप होता. पेटी हद्दपार झाली नाही, कारण चांगला वादक तिच्या मर्यादा ओळखून वाजवतो. सिक्वेन्सरबाबतही तसेच व्हावे. त्यात मींड काढण्यासाठी सूर वाकवण्याची सोय असते आणि तिच्या १६,३८४ पायऱ्या असतात, तेव्हा बारकाव्यांची उणीव नाही. मात्र प्रत्येक मींड हाताने कोरावी लागते. काही सॉफ्टवेअरांत सप्तकच निराळे जुळवता येते : लॉजिकमध्ये तशी व्यवस्था आहे आणि २०२४ साली एबलटन लाइव्हच्या बाराव्या आवृत्तीत ती आली. ज्यांना कृत्रिम वाद्यांवर रागसंगीत रचावयाचे आहे, त्यांनी ही सोय पाहूनच निवड करावी. आणि गायकाचा सूर आपोआप ‘सुधारणारी’ योजना रागगायनापुरती बंदच ठेवावी. तिच्या लेखी ३८६ सेंटांचा गांधार चुकलेला असतो!

तिसरी बाब विलंबाची. आवाज संगणकात जाऊन कानातल्या हेडफोनपर्यंत परत येण्यास वेळ लागतो. सेकंदाला ४८,००० नमुने या वेगाने मुद्रण करताना २५६ नमुन्यांचा साठा ठेवला तर त्या एका साठ्यापायी सुमारे ५ मिलिसेकंद जातात; १०२४ चा ठेवला तर २१. हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे पहिल्या प्रकारात साथीदार पावणेदोन मीटरवर बसल्यासारखा वाटतो आणि दुसऱ्यात सात मीटरवर. सात मीटरवरच्या तबल्याबरोबर द्रुत तान कोण घेईल? म्हणून आपल्या जुन्या संगणकावर लहान साठ्यात जे सॉफ्टवेअर न अडखळता चालते, ते आपल्यासाठी नावाजलेल्यापेक्षा चांगले. जागेचा हिशेबही सोपा आहे : २४ बिटांचा एक ट्रॅक तासाला सुमारे ५२० मेगाबाइट घेतो.

शेवटची आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे उद्याची. २००२ साली ॲपलने एमॅजिक ही जर्मन कंपनी विकत घेतली आणि विंडोजवरील लॉजिकची वाढ थांबली. ज्यांची वर्षांची कामे त्यात होती, त्यांनी संगणक बदलावा किंवा घराणे बदलावे, एवढाच मार्ग उरला. २०१७ साली गिब्सन कंपनीने केकवॉकच्या सोनारचे काम थांबवले. पुढल्या वर्षी बँडलॅबने ते घेतले म्हणून निभावले. सॉफ्टवेअरची स्वतःची फाइल ही भाड्याची खोली आहे. मालक बदलला की सामान बाहेर. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या ओव्या, गावच्या बुवांचे अभंग, हे धन भाड्याच्या खोलीत ठेवू नये. काम संपले की प्रत्येक ट्रॅक आरंभापासून अखेरपर्यंत सलग, वेव्ह या सर्वमान्य प्रकारात वेगळा काढावा, त्यावर गायकाचे नाव, पट्टी, ताल व तारीख लिहावी आणि दोन ठिकाणी जपून ठेवावा. ज्या सॉफ्टवेअरात हे सहज करता येत नाही, ते फुकट मिळाले तरी घेऊ नये.

तेव्हा सारांश असा. गळा, तबला आणि तंबोरा एवढाच संसार असेल तर ध्वनिमुद्रकाच्या कुळातले साधे साधन पुरे. मुलांची नाट्यगीते, जाहिराती, चित्रपटवजा वाद्यमेळ रचावयाचा असेल तर सिक्वेन्सरच्या कुळात पाहावे. पैसे मोजण्यापूर्वी एकच अभंग दोन-तीन सॉफ्टवेअरांत मुद्रित करून पाहावा. रीपर तर साठ दिवस संपूर्ण वापरून पाहता येते, आणि ॲपलचा संगणक असल्यास गॅरेजबँड विनामूल्य मिळते. मग पडदा झाकून नुसते ऐकावे. ज्यात यंत्राची आठवण कमीत कमी होईल आणि गाणाऱ्याचा श्वास, लय व गांधार ओळखू येईल, ते आपले.

निवड एकदा झाली की मात्र ती वारंवार बदलू नये. नवनवी साधने पारखण्यात जी संध्याकाळ जाते, ती रियाजातून वजा होत असते. गळा घरचा आहे, ताल घरचा आहे. चौकटही आपण डोळसपणे निवडलेली असावी, एवढेच.