जाड कापड आणि घरचे शिवणयंत्र
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



दप्तराचा पट्टा तुटला की आपण नवे दप्तर आणतो. घरात शिवणयंत्र असते. पण जाड कापडाने सुई मोडते, म्हणून ते झाकलेलेच राहते. या समजुतीविषयी चार शब्द बोलतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. माझे आजोबा त्यांपैकी एक. पगार थांबला आणि लालबागच्या आमच्या खोलीचा भार दादीच्या पायमशीनवर आला. ती कॅनव्हासच्या पिशव्या शिवू लागली. पहिल्याच दिवशी तीन सुया मोडल्या. सुईचे पैसेही तेव्हा जड होते! शेजारचे शिंपीकाका म्हणाले, "भाभी, मशीन कमजोर नाही. तुम्ही कापड ओढता."

कापड ओढले की सुई वाकते, तिचे टोक खालच्या पत्र्यावर आपटते आणि ती मोडते. म्हणून कापडाला फक्त दिशा द्यावी. जाड कापडास सोळा नंबरची, जीन्स-कॅनव्हासला अठरा नंबरची सुई लावावी. टाका लांब ठेवावा. जिथे शिवणीवर शिवण येते, तिथे आधी बत्त्याने ठोकून घडी चपटी करावी. फूट तिरका चढत असेल तर त्याच्या मागच्या बाजूस तेवढ्याच जाडीची कापडाची घडी ठेवावी. तेवढे चार टाके पाय थांबवून, चाक हाताने फिरवून घालावेत. फुटाखाली कापड जातच नसेल, तर हट्ट करू नये. ते काम कारखान्यातील जड मशीनचे.

दादीने हे सारे शिकून घेतले. माझे वडील तेव्हा सातवीत होते. संप लांबला, आजोबांची नोकरी गेली. पण वडिलांची शाळा सुटली नाही. मी आज शिक्षक म्हणून आपणांसमोर उभा आहे, त्यात त्या पिशव्यांचा वाटा आहे.

पालकांनो, हे काम मुलींना शिकवा, तसेच मुलग्यांनाही शिकवा. विद्यार्थ्यांनो, येत्या रविवारी मशीनला तेल घाला, नवी सुई लावा आणि आपल्या दप्तराचा पट्टा आपणच शिवा.