रात्रपाळीचे हात

वृद्धांसाठी शुश्रूषा केंद्र निवडताना आपण इमारत, बाग, जेवण पाहतो. पण शुश्रूषेची खरी पारख होते ती अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीवर. माकडहाड, खुबा, टाचा इथं सतत दाब राहिला की रक्तपुरवठा अडतो आणि काही तासांतच कातडी लाल होते. बोटानं दाबूनही ती लाली फिकी पडली नाही, तर ती शय्याव्रणाची सुरुवात. ती टाळायची तर साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, ओली चादर तत्काळ काढावी लागते. म्हणजे पहाटे तीन वाजताही कामाला हात हवेत.

फार खंगलेल्या रुग्णाला काळजी घेऊनही जखम होते, असं संचालक सांगतात. ते खरंच आहे. पण बहुतेक व्रण टाळता येतात, आणि जखम केंद्रात येण्याआधीची की नंतरची, याची नोंद असेल तर फरक लपत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. जादा माणूस महाग पडतोच, मात्र चिघळलेली जखम आणि रुग्णालयातला मुक्काम त्याहून महाग, शिवाय वेदना त्या म्हाताऱ्या जिवाला. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम १९ मध्ये जिल्ह्याच्या वृद्धाश्रमात किमान १५० निराधारांची सोय सांगितली आहे. तितक्याच ठळकपणे रात्रपाळीच्या माणसांचा आकडा प्रत्येक केंद्राच्या दर्शनी भिंतीवर लागला पाहिजे. तोवर प्रवेशाआधी कूस बदलल्याची वही मागा आणि रात्रीची पानं आधी उघडा.