दर्जाचा शब्द आणि पाझराची वही

अमेरिकेत धरणांची जी राष्ट्रीय नोंदसूची ठेवली जाते, तीत नव्वद हजारांहून अधिक धरणे असून त्यांपैकी निम्म्याहून जास्त खासगी मालकीची आहेत; आणि या खासगी धरणांत मोठा भरणा आहे तो कमी उंचीच्या मातीच्या बांधांचा, जे कोणा शेतकऱ्याने, शिक्षणसंस्थेने किंवा तळ्याकाठच्या घरमालकांच्या संघाने राखलेले असतात. पानशेतची 12 जुलै 1961ची सकाळ किंवा जॉन्सटाउनचा 1889चा पूर या सभागृहाला नव्याने सांगण्याची गरज नसल्यामुळे आजचे विवेचन थेट या लहान धरणांकडे आणि त्यांना दिल्या जाणाऱ्या सुरक्षितता-दर्जांकडे वळते.

असे दर्जे दोन असतात आणि ते परस्परांपासून स्वतंत्र असतात. पहिला दर्जा धोक्याचा : धरण फुटलेच तर खाली काय होईल, एवढाच प्रश्न त्यात विचारलेला असतो. जीवितहानी संभवत असेल तर ‘उच्च’, जीवितहानीऐवजी मालमत्तेचे वा सेवांचे मोठे नुकसान संभवत असेल तर ‘लक्षणीय’, अन्यथा ‘अल्प’. दुसरा दर्जा स्थितीचा : समाधानकारक, ठीक, खराब आणि असमाधानकारक या चार पायऱ्यांवर भिंतीची, सांडव्याची आणि विमोचकाची प्रकृती मांडली जाते. ‘ठीक’ म्हणजे नेहमीच्या भाराखाली दोष दिसत नाही, पण क्वचित येणाऱ्या मोठ्या पुरात वा भूकंपात दिसू शकतो. ‘खराब’ म्हणजे नेहमीच्या भाराखालीही दोष संभवतो किंवा अधिक तपासणीवाचून काही सांगता येत नाही. तेव्हा ‘उच्च’ दर्जाचे धरण उत्तम बांधलेले असू शकते, तर ‘अल्प’ दर्जाचे मोडकळीला आलेले असू शकते.

धोक्याच्या दर्जाचे वैगुण्य असे की तो खालच्या वस्तीवर अवलंबून असतो आणि वस्ती वाढत राहते, नोंद मात्र जुनी राहते. हवाई बेटांपैकी कावाई येथील का लोको धरण 1890मध्ये उसाच्या मळ्यांसाठी बांधलेले मातीचे धरण होते. त्याचा धोका कागदोपत्री ‘अल्प’ असल्यामुळे राज्याची तपासणी त्याच्यापर्यंत पोहोचलीच नाही. 14 मार्च 2006 रोजी, अनेक आठवड्यांच्या पावसानंतर ते फुटले आणि सात माणसे मृत्युमुखी पडली. सांडवा बुजवला गेला असण्याची शक्यता चौकशीत ठळकपणे पुढे आली. पण सांडवा आहे की नाही हे पाहायला कोणी गेलेच नव्हते, ही गोष्ट अधिक गंभीर होय.

प्रस्तुत व्याख्यानाचा आग्रह असा आहे की स्थितीचा दर्जा हा तपासणीच्या एका दिवशी डोळ्यांना जे दिसले त्याचा सारांश असतो, आणि लहान मातीच्या धरणाचे खरे वर्तन त्या दिवसात मावत नाही. म्हणून अशा प्रत्येक धरणाच्या पायथ्याशी पाझर मोजण्याची सोय असावी, दर आठवड्याला मोजलेला आकडा वहीत उतरवला जावा आणि ती वही खालच्या वस्तीला वाचता यावी. यासाठी एक उदाहरण सविस्तर पाहणे इष्ट ठरेल.

जॉर्जिया राज्यात टोकोआ गावाजवळ, सुमारे 186 फूट उंचीच्या धबधब्याच्या वरच्या अंगाला केली बार्न्स नावाचे धरण होते. 1899च्या सुमारास वीजनिर्मितीसाठी तेथे लाकूड आणि दगडांचा बांध घालण्यात आला. पुढे एका धार्मिक शिक्षणसंस्थेने तो घेऊन त्यावर मातीचा भराव चढवला आणि नंतर तो आणखी उंच केला. 1957मध्ये वीजनिर्मिती थांबल्यावर उरले ते सुमारे चाळीस एकरांचे विहाराचे तळे. धरणाची उंची अवघी 38 फूट, लांबी सुमारे 400 फूट. आराखडे उपलब्ध नाहीत, भरावात कोणती माती किती दाबून घातली याची नोंद नाही, आणि खालच्या बाजूचा उतार जवळजवळ एकास एक, म्हणजे मातीच्या भिंतीसाठी फारच उभा. त्या उतारावर झाडे वाढली होती. 1973मध्ये उतारातील एक भाग घसरल्याचे छायाचित्रात दिसते. ते छायाचित्र वाचणारा अधिकारी त्या वेळी नव्हता, कारण राज्यात धरण-सुरक्षिततेचा कायदाच नव्हता. नोव्हेंबर 1977च्या पहिल्या आठवड्यात तेथे सुमारे सात इंच पाऊस पडला आणि त्यातील निम्मा 5 तारखेच्या संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत पडला. 6 नोव्हेंबरला पहाटे दीडच्या सुमारास भिंत फुटली आणि धबधब्यावरून कोसळलेल्या लोंढ्याने त्याच शिक्षणसंस्थेच्या निवासी वस्तीतील 39 माणसे नेली, त्यांत कितीतरी लहान मुले होती. सरकारी चौकशी मंडळाला एकच एक कारण निश्चित करता आले नाही. उभ्या उताराची घसरण, आणि तिच्या जोडीला अंतर्गत धूप, असा त्याचा सर्वांत संभाव्य कयास होता. अंतर्गत धूप म्हणजे पाझरणारे पाणी भरावातील बारीक कण वाहून नेत आतल्या आत नळीसारखी वाट कोरते ती क्रिया.

या दुर्घटनेनंतर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी, जे स्वतः जॉर्जियाचे माजी राज्यपाल होते, देशातील बिगर-केंद्रीय ‘उच्च’ धोक्याच्या धरणांची तपासणी लष्कराच्या अभियंता दलाकडे सोपवली. 1972च्या कायद्याने ही तपासणी आधीच सांगितली होती, परंतु तिच्यासाठी पैसा दिला गेला नव्हता. 1981पर्यंत सुमारे नऊ हजार धरणे तपासून झाली आणि त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश असुरक्षित ठरली. म्हणजे दर्जे मिळाले. पायथ्याशी रोज काय घडते याची नोंद मात्र बहुतेक ठिकाणी मालकाच्या मर्जीवर राहिली.

सभागृहातील निवृत्त अभियंत्यांना येथे असे वाटणे साहजिक आहे की वर्षानुवर्षे पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर चिखल तुडवत केलेल्या पाहण्यांना या विवेचनात कमी लेखले जात आहे. तसा हेतू नाही. महाराष्ट्रातील ही दुहेरी पाहणीची शिस्त मोलाचीच आहे. प्रश्न आहे तो दोन पाहण्यांच्या मधल्या महिन्यांचा. पाझराचे पाणी पत्र्याच्या त्रिकोणी खाचेतून सोडले की खाचेतील पाण्याच्या उंचीवरून प्रवाह कळतो. काटकोनी खाचेत पाणी पाच सेंटिमीटर उंच असेल तर सेकंदाला सुमारे 0.8 लिटर, आणि दहा सेंटिमीटर असेल तर सुमारे 4.4 लिटर प्रवाह असतो. उंची दुपटीने वाढली की प्रवाह साडेपाच पटींहून अधिक होतो, इतके हे साधन संवेदनशील आहे. मातीचे प्रत्येक धरण थोडेफार पाझरतेच, त्यामुळे नुसत्या पाझराने घाबरण्याचे कारण नाही. तलावाची पातळी तीच असताना प्रवाह वाढला, किंवा स्वच्छ पाणी गढूळ येऊ लागले, तर मात्र भरावातील माती बाहेर पडत आहे असे समजावे लागते. हे ओळखण्यासाठी पदवी लागत नाही; सलग नोंद लागते.

रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण 2 जुलै 2019च्या रात्री फुटले आणि वीसहून अधिक जीव गेले. ते सरकारी होते, खासगी नव्हते. तरी त्याचा येथे संबंध आहे, कारण गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधी केल्या होत्या. त्यानंतर तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांना कारण ठरवले. (हशा.) हा हशा समजण्याजोगा आहे, परंतु त्या शब्दावर थांबून विषय सोडून देणे योग्य नाही. बिळे करणारे प्राणी मातीच्या धरणांना खरोखर घातक असतात. अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेने मस्करॅट, ग्राउंडहॉग, बीव्हर अशा प्राण्यांमुळे मातीच्या धरणांना होणाऱ्या हानीवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली आहे. बिळामुळे पाण्याचा भरावातील मार्ग आखूड होतो आणि अंतर्गत धूप लवकर सुरू होते. पण बीळ हे एका रात्रीचे काम नसते. उतारावरचे गवत कापलेले असेल, कोणी आठवड्याला फेरी मारत असेल, तर ते दिसते. म्हणून प्राण्यावर ठेवलेले कारण देखरेख करणाऱ्याची जबाबदारी कमी करत नाही, उलट ती वाढवते.

वेळ संपत आल्याची सूचना व्यासपीठावर आली असल्यामुळे, ज्या आक्षेपाला अधिक जागा मिळायला हवी होती तो थोडक्यात मांडावा लागेल. मिशिगनमधील खासगी मालकीच्या एडनव्हिल धरणाचा परवाना केंद्रीय आयोगाने सप्टेंबर 2018मध्ये रद्द केला. वाद सांडव्याच्या अपुऱ्या क्षमतेचा होता. त्यानंतर लगेच राज्याच्या पाहणीत भिंतीची स्थिती ‘ठीक’ ठरली, आणि 19 मे 2020 रोजी पाणी माथ्यावरून न जाताच ती कोसळली. 1924च्या बांधकामात सैल राहिलेली वाळू पाण्याच्या वाढत्या दाबाखाली एकाएकी द्रवासारखी वागली, असा स्वतंत्र तज्ज्ञ समितीचा निष्कर्ष आहे. दहा हजारांहून अधिक लोकांना वेळीच हलवल्यामुळे प्राणहानी टळली. असा नाश पाझराच्या वहीतून कळला नसता. त्यासाठी भरावात छिद्रे पाडून मातीची घनता तपासावी लागते, आणि जुन्या धरणांसाठी वहीबरोबर एकदा तरी ही तपासणी सक्तीची असणे आवश्यक आहे.

भारताच्या 2021च्या धरण सुरक्षा कायद्यात 15 मीटरहून उंच धरणे येतात. 10 ते 15 मीटर उंचीची धरणे मात्र लांबी 500 मीटर, साठा दहा लाख घनमीटर किंवा महापूर विसर्ग सेकंदाला 2000 घनमीटर यांपैकी एखादी मर्यादा गाठली, अथवा पाया वा रचना विशेष अडचणीची असली, तरच येतात. केली बार्न्स धरणाची उंची साडेअकरा मीटरच्या आसपास, लांबी सव्वाशे मीटरहून कमी आणि साठा दहा लाख घनमीटरच्या आत होता. तसे धरण आज येथे असते आणि त्याच्या पायाची वा रचनेची अडचण कोणी दाखवून दिली नसती, तर ते या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले असते. लोणावळा-मुळशी परिसरातील टाटांची धरणे खासगी असली तरी ती दगडी, मोठी आणि नोंदीतली आहेत. या कायद्याच्या उंबरठ्याखाली राहणाऱ्या मातीच्या बांधांसाठी राज्याने मालकावर त्रिकोणी खाच, साप्ताहिक नोंद आणि त्या नोंदीची प्रत खालच्या प्रत्येक ग्रामपंचायतीला देण्याचे बंधन घालावे, आणि हे बंधन पुढच्या पावसाळ्यापूर्वी अमलात यावे, ही मागणी या व्यासपीठावरून नोंदवण्यात येत आहे.