सातबाऱ्यावर नाव कुणाचं?

गेल्या महिन्यात गटाच्या बैठकीत आमची एक ताई बचत भरता भरता रडायला लागली. मालक जाऊन वर्ष झालं. रान तीच कसते, पण पीएम किसानचा हप्ता बंद. वारस नोंदीचं काढलं, तर दीर म्हणाले, "आम्ही आहोत ना, तुझं नाव कशाला?"

बायांनो, घाम कुणाचा ते सातबारा सांगत नाही. पैसे नाव असेल त्यालाच. केंद्राचे वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे २०२३ पासून आणखी ६,०००. पेरणीच्या तोंडावर ही रक्कम थोडी नाही.

मग करायचं काय? मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या, पोच घ्या. फेरफार मंजूर होऊन नाव लागलं, की स्वतःच्या नावानं योजनेची नवी नोंदणी करा. १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेली जमीन योजनेत बसत नाही, पण वारसानं आलेली बसते. बँक खात्याला आधार जोडा, ई-केवायसी करा. ते राहिलं तर हप्ता अडकतो.

त्या ताईसोबत आम्ही चौघी तलाठी कार्यालयात गेलो. अर्ज दिला, पोच तिच्या हातात आहे. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपला सातबारा आणा. कुणाचं नाव आहे, ते सगळ्या मिळून वाचू.